'लॅग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ऑनलाइन वर्ग आणि मीटिंगांसाठी मराठीत सूचनापत्रक करतो आहे. 'लॅग'ऐवजी 'विलंब' चालेल का?

उत्तर: अर्थाने बरोबर, पण पत्रकात उपयोगाचा नाही. 'लॅग होतंय' या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि बोलताना आपण ते वेगळे करतोच: आवाज उशिरा येतो, तुटतो किंवा घुमतो. हीच क्रियापदं ठेवा, त्यांवरून उपाय कळतो.

उशिरा येणं: शब्द पूर्ण येतात, पण मागाहून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, ४०० च्या पुढे जाऊ नये. मधल्या पट्ट्यात माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. समोरचा थांबला असं वाटून आपण सुरू करतो, तोच त्याचं पुढचं वाक्य येऊन धडकतं. मग तो उगाच उद्धट ठरतो. भूस्थिर उपग्रहावरून कॉल असेल तर महागडा प्लॅन घेऊनही फरक पडत नाही. ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली येण्यातच जवळजवळ पाव सेकंद जातो. तिथे वाक्य संपलं की 'बोला' म्हणण्याची सवय लावावी.

तुटणं: अधली-मधली अक्षरं गळतात, कारण डेटाची पाकिटं वाटेत हरवतात. आधी कॅमेरा बंद करा. आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटही पुष्कळ झाले, चित्रच जागा खातं. मग राउटरजवळ जा किंवा केबल लावा.

घुमणं: आपलाच आवाज परत ऐकू येतो. इथे हमखास चुकीचा माणूस धडपडतो. ज्याला ऐकू येतं त्याचा दोष बहुधा नसतो. दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधून तो आवाज त्या दुसऱ्याच्याच माइकमध्ये शिरत असतो. बाकीच्यांनी एकेक करून म्यूट व्हावं. ज्याच्या म्यूट होण्याने घुमणं थांबेल, त्याला हेडफोन लावायला सांगा.

पुरवणी: 'अडकणं'ही घ्या. चित्र थिजतं, आवाज मात्र चालू राहतो, आणि मुलं जुन्याच पानाकडे बघत बसतात. शिक्षकांनी पान बदलताना क्रमांक बोलून दाखवावा. 'रेंज नाही' मात्र वायफायसाठी लिहू नका. सिग्नलच्या दांड्या राउटरपर्यंतचंच सांगतात. त्या पूर्ण असूनही पुढे इंटरनेट बंद असू शकतं.

प्रश्न: शीर्षकात 'दूरस्थ वर्ग' लिहू का?

उत्तर: नको. 'दूरस्थ शिक्षण' म्हटलं की पोस्टाने येणारी पुस्तकं आणि आपल्या सवडीने अभ्यास, असाच अर्थ घेतला जातो. ठरल्या वेळी सगळे हजर असतील तर 'थेट ऑनलाइन वर्ग' लिहा.