मदत हवी आहे: पूरमदतीचं धान्य पावसाळाभर कसं टिकवायचं?

नमस्कार. चिपळूण बाजारपेठेजवळच्या साधारण २०० कुटुंबांसाठी आमचं मंडळ मेअखेर मदतसाहित्य साठवून ठेवणार आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात रेल्वे थांबली, वाशिष्ठी नदीवरचा महामार्गाचा पूल खचला. म्हणून बाहेरून मदत पोहोचेपर्यंतचे पहिले दोन-तीन दिवस इथल्याच साठ्यावर काढायचे, असा हिशेब आहे.

पिण्याचं पाणी माणशी रोज ३ लिटर धरलंय. क्लोरीनच्या गोळ्या, ताडपत्र्या, चिखल उपसायला फावडी-घमेली हे जमलंय. जुने कपडे घेणार नाही, ते निवडण्यातच माणसं अडकतात.

अडलंय धान्यापाशी. गेल्या वर्षी शाळेच्या वरच्या मजल्यावर, खाली फळ्या आणि वर प्लास्टिक घालून ठेवलं, तरी ऑगस्टपर्यंत पोह्यांना कुबट वास आणि रव्यात अळ्या. हवाबंद पिंपं बजेटबाहेर आहेत. शिजवलेलं अन्न नको, गॅस मिळेलच असं नाही.

आता उंचावरच्या घाऊक किराणा दुकानदाराशी बोलावं म्हणतोय: माल त्याचाच, जुना विकून तो नवा भरत राहील, पण ठरलेला साठा आमच्यासाठी कायम राखून ठेवायचा. असं कोणी केलंय का? आगाऊ किती द्यावे लागतात? आणि नदीच्या दोन्ही तीरांवर वेगवेगळे दुकानदार धरावेत का?