नारळ लढवलेत का कधी? आठवणी सांगा

माडाखालचा: काल घरचा नारळ पायरीवर किती आपटला तरी तडा जाईना. बायको म्हणाली, हा मालवणच्या बंदरावर न्यायचा! आणि सगळं आठवलं. नारळी पौर्णिमा, एकीकडे सिंधुदुर्ग किल्ल्याचा मानाचा नारळ समुद्राला, दुसरीकडे नारळ लढवणाऱ्यांची झुंबड. एकाने मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने वरून हाणायचा. फुटला तो हरला, फुटका नारळ जिंकणाऱ्याचा. बाबा आठवडाभर आधीपासून पडवीतल्या ढिगात बसायचे. लहान, निमुळता, जाड करवंटीचा, टिचकी मारली की ठण्ण वाजणारा. असा एखादाच निघायचा, आणि तो देवघरात लपवून ठेवायचे. तुमच्याकडे कसा निवडायचे?

पडवी: आजी. हात लावून सांगायची, "ह्यो पिचकतलो, विहिरीकडच्या माडाचो घे." प्रत्येक माड ओळखायची ती.

खोवणी: जिंकायचे काका, खोवायच्या आम्ही! पोतंभर फुटके नारळ घरी यायचे. फुटलेला नारळ ठेवून चालत नाही, त्याच रात्री करंज्या, वड्या, नारळीभात. बोटं सोलवटायची. आता मालवणात बायकांच्याही स्पर्धा होतात, बघून इतकं बरं वाटतं.

माडाखालचा: @खोवणी वा! भाग घ्या की.

खोवणी: नणंद उतरलेली. पहिल्याच फेरीत फुटला, तरी घरभर मिरवली 😄

रापण: आम्हा दर्यावाल्यांचं वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे घरात पैसा नाही. पौर्णिमेचा नारळ दर्याला देताना आई हात जोडून पुटपुटत असायची आणि आम्ही पोरं मागे लढवायच्या नारळासाठी भुणभुण करायचो. ओरडा ठरलेला. ती काय मागत होती हे वडिलांची होडी एकदा वादळात उशिरा आली तेव्हा कळलं.

पडवी: @रापण 🙏

परसबाग: लढवायला नारळ उरलेत कुठे? केलड्यांनी (माकडांनी) कोवळी फळंसुद्धा ठेवली नाहीत यंदा.

सुपारी: आमच्यात गेंड्या भुंगा. शेंडाच पोखरतो. शेणाच्या खड्ड्यात वाढतो तो, उकिरडा माडांपासून लांब ठेवा. आणि पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मिळाला तर मलाही कळवा.

परसबाग: पाडेली आमच्याकडेपण नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून प्रताप जातीची रोपं आणलीत.

माडाखालचा: प्रताप लढवायला कसा?

परसबाग: अजून धरलाच नाही हो, धरला की पहिला तुम्हाला.

पडवी: सिंधुदुर्ग किल्ल्यातला दोन शेंड्यांचा माड कुणी पाहिलाय? शाळेच्या सहलीत सगळे त्याच्याभोवती. वीज पडल्याचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलेलं.

सुपारी: पाहिलाय. फोटो आहे घरी, शोधते.

नवीनसून: मी घाटावरची. नारळीभात गुळाचा की साखरेचा? सासूबाई गावाला गेल्यात.

खोवणी: गुळाचाच. तुपात लवंग आधी, भात मोकळा शिजव, गूळ घातल्यावर सारखी ढवळू नकोस.