एकच मोठा सबवूफर की दोन मध्यम? माझे मत दोनच्या बाजूने

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सबवूफर (फक्त सर्वांत खालचे, खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर) घ्यायचे ठरले की बहुतेक जण ठरवलेली सगळी रक्कम एकाच मोठ्या पेटीवर खर्च करतात. माझे मत असे की त्याच रकमेत दोन मध्यम आकाराचे, अगदी एकसारखे सबवूफर घ्यावेत आणि ते विचारपूर्वक ठेवावेत. कारण खर्जाच्या पट्ट्यात कानावर काय पडणार हे पेटीपेक्षा खोलीच अधिक ठरवते.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे ५ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद (समोरासमोरच्या भिंतींमध्ये ये-जा करणारा ध्वनी ज्या कंप्रतेला घुमतो ती) ३४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३४ कंपनांच्या, आसपास येतो आणि दुसरा ६८ च्या. पहिल्या अनुनादात समोरच्या आणि मागच्या भिंतीपाशी दाब सर्वाधिक असतो, तर खोलीच्या मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. परिणामी समोरच्या भिंतीशी ठेवलेला सबवूफर कितीही दमदार असला, तरी मध्यावर बसलेल्याला तो स्वर फिका लागतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला तोच स्वर घुमून नकोसा होतो. आता तसाच दुसरा सबवूफर मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला आणि दोघांना एकच सिग्नल दिला, तर झोपाळ्याला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सारखा जोर लावावा तसे होते: हा अनुनाद उभाच राहत नाही.

ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या हार्मन कंपनीतले टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे याच प्रश्नावर अभ्यास मांडला होता. आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर ठेवलेले दोन सबवूफर वेगवेगळ्या आसनांवर ऐकू येणाऱ्या खर्जातला फरक बराच कमी करतात, चारही भिंतींच्या मध्यांवर चार ठेवले तर तो आणखी कमी होतो आणि चाराच्या पुढे संख्या वाढवून फारसे काही हाती लागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

खोलवर

आपण मांडलेले भौतिकशास्त्र मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आपला सगळा युक्तिवाद वेगवेगळ्या आसनांवरच्या फरकाभोवती फिरतो, पण अनेक घरांत मन लावून ऐकणारा माणूस एकच असतो आणि त्याची जागाही ठरलेली असते.

त्याहून मोठा मुद्दा खोलीचा नव्हे, खोल जाण्याचा आहे. तोच आवाज एक सप्तक खाली, म्हणजे ४० ऐवजी २० हर्ट्झला हवा असेल, तर चौपट हवा ढकलावी लागते. पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याची नळी) असलेली पेटी ज्या कंप्रतेला ट्यून केलेली असते, तिच्याखाली तिचा आवाज सप्तकाला २४ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे एकक) या वेगाने कोसळतो. बंद पेटीचा १२ डेसिबलने. दोन सारख्या पेट्यांचा फायदा फार तर ६ डेसिबल असतो, म्हणजे ३० हर्ट्झला दम सोडणाऱ्या दोन पोर्टेड पेट्या मिळून जेमतेम पाव सप्तक खाली जातील. चित्रपटांच्या ध्वनिपटात २० ते ३० हर्ट्झच्या दरम्यान जे घडते, त्यातला सर्वांत खोल भाग अशा जोडीकडून नीट ऐकू येणार नाही. एकट्या श्रोत्याने एकच खोल जाणारा सबवूफर घ्यावा, मायक्रोफोनने मोजून त्याची जागा शोधावी आणि उरलेले उंचवटे (नको तितके जोरात वाजणारे स्वर) इक्वलायझरने, म्हणजे निवडक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, कापावेत.

मंद्रसप्तक

उंचवटे कापता येतात, खड्डे (दबून गेलेले स्वर) भरता येत नाहीत, हे आपण सोडून दिलेत. थेट आलेला आणि भिंतीवरून परतलेला ध्वनी एकमेकांना मारतात तिथे इक्वलायझरने १० डेसिबल वाढवले, तर अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागितली जाते, पण परतणारा ध्वनीही तेवढाच वाढतो आणि खड्डा जागच्या जागी राहतो.

आकाराविषयीही थोडे सांगतो. कोनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० इंची दोन कोनांचे क्षेत्रफळ १४ इंची एका कोनाएवढे भरते. त्यामुळे दोन मध्यम म्हणजे दोन दुबळे, हे समीकरण बरोबर नाही. खोल उतरणे किती हवे हे ठरवूनच पेटी निवडावी, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे.

खोलवर

खड्डा असेल तर आसन अर्धा मीटर पुढेमागे सरकवावे. त्याला काहीही खर्च येत नाही. शिवाय मागच्या भिंतीच्या मध्यावर बहुधा दार, कपाट किंवा खुद्द सोफाच असतो, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही सबवूफर टीव्हीच्या दोन बाजूंना जातात. तसे झाले की ३४ हर्ट्झच्या ज्या अनुनादाचे आपण उदाहरण दिलेत, त्याला धक्काही लागत नाही. मग दुप्पट वायरी कशासाठी ओढायच्या?

मंद्रसप्तक

लांबीचा अनुनाद तसाच राहतो, हे खरे. पण समोरच्या भिंतीच्या रुंदीचे चार भाग केले आणि दोन्ही सबवूफर दोन्ही कडांपासून पाव-पाव अंतरावर ठेवले, तर रुंदीचा पहिला अनुनाद परस्परविरोधामुळे दबतो आणि दुसरा यासाठी दबतो की त्याचे शून्यबिंदू नेमके त्या दोन जागी पडतात. शेजारीशेजारी बसलेल्या माणसांना मिळणारा खर्ज सारखा होतो तो यामुळेच. आसन सरकवण्याचा आपला सल्ला उत्तम आहे, पण तो एकाच आसनापुरता आहे.

शांतश्रोता

दोघांच्याही आधीचा प्रश्न मला विचारावासा वाटतो: निव्वळ संगीत ऐकणाऱ्याला सबवूफर हवाच कशाला? नेहमीच्या चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते आणि चांगले उभे स्पीकर तिथपर्यंत सहज पोहोचतात. सबवूफर जोडला की बहुतेक ठिकाणी आवाजात एक वेगळाच गोळा तयार होतो, जो वादनाच्या मागे रेंगाळतो. एक असो वा दोन, तो गोळा मला नको.

जुळवणी

तो गोळा मीही पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे आणि त्याचा दोष जवळजवळ नेहमीच जोडणीत सापडतो. (पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते, म्हणजे संगीतही ४१ वर थांबत नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवू.)

एक ठरलेली चूक अशी असते की मुख्य स्पीकर पूर्ण पट्ट्यात वाजत ठेवून त्यांच्याच खर्जावर सबवूफरचा खर्ज चढवला जातो. त्याऐवजी रिसीव्हरमध्ये (स्पीकर जोडतो त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) स्पीकर ‘स्मॉल’ करावेत, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे वळवावा, आणि क्रॉसओव्हर (ज्या कंप्रतेखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झपासून सुरू करून पाहावा. त्याहून फार वर गेल्यास खर्ज कोणत्या कोपऱ्यातून येतो हे कानाला कळू लागते. सबवूफरच्या पाठीमागचा क्रॉसओव्हरचा नॉब मात्र शेवटपर्यंत उघडा ठेवावा, नाहीतर एकावर एक दोन फिल्टर बसतात आणि सांध्याजवळ खळगा पडतो.

दुसरी चूक वेळेची आहे. ८० हर्ट्झचे अर्धे आवर्तन सव्वासहा मिलिसेकंदांचे, म्हणजे सुमारे २.१५ मीटर अंतराएवढे असते; तेवढा फरक पडला की सबवूफर आणि स्पीकर एकमेकांना खाऊ लागतात. सबवूफरमधले फिल्टर आणि प्रक्रिया स्वतःचा विलंब जोडतात, म्हणून स्वयंचलित मोजणीने ३ मीटरवरच्या सबवूफरचे अंतर ४.५ मीटर दाखवले तर ते चूक समजून टेपने मोजलेला आकडा भरू नये. हाताने तपासायचे असेल, तर ८० हर्ट्झचा सूर लावून मुख्य स्पीकरच्या वायरी तात्पुरत्या उलट कराव्यात, श्रवणाच्या जागी आवाज कमीत कमी होईपर्यंत सबवूफरचे अंतर बदलत जावे आणि मग वायरी पुन्हा सरळ कराव्यात. जिथे आवाज सर्वांत कमी होता, तिथेच आता तो सर्वांत भरीव लागतो. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा मायक्रोफोन असेल तर हे सगळे पडद्यावर दिसते.

शांतश्रोता

स्पीकर ‘स्मॉल’ केल्यावर त्यांच्या वूफरवरचा ताण कमी होतो आणि मधल्या पट्ट्यातले गायन मोकळे होते, हे मला पटते. तरीही ज्याच्याकडे मोजणीचे साधन नाही आणि बसून जुळवण्याची चिकाटी नाही, त्याने सबवूफरच्या वाटेला जाऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

खोलवर

आणि दोन घेतले तर हीच जुळवणी दुप्पट होते. माझा आक्षेप तिथेच आहे.

मंद्रसप्तक

दुप्पट होत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी दोन्ही सबवूफरची पातळी आणि वेळ एकमेकांशी जुळवून त्यांना एकच मानावे, मग त्या जोडीचा मुख्य स्पीकरशी सांधा जुळवावा आणि इक्वलायझर एकत्रित प्रतिसादावर लावावा. वेगवेगळा सपाट (सगळे स्वर सारख्या पातळीवर) केलेला प्रत्येक सबवूफर एकत्र वाजताना सपाट राहीलच असे नाही.

खोलवर

तीनचार जण रोज एकत्र बसत असतील, तर मी आपल्या बाजूने मत देईन. एकट्यासाठी माझे मत तेच राहील. पण आज एक घेऊन पुढे दुसरा जोडण्याचा मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. तेव्हा दुसरा कोणत्याही जातीचा चालेल का?

जुळवणी

चालवता येतो, पण मी टाळेन. पोर्टेड पेटीची फेज (ध्वनिलहरीच्या आवर्तनातली वेळ) तिच्या ट्यूनिंगजवळ झपाट्याने फिरते, बंद पेटीची तशी फिरत नाही. त्यामुळे वरच्या खर्जात सुरेख जुळलेली अशी विजोड जोडी २०-३० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींविरुद्ध काम करू शकते. पुढे जोडीचा विचार असेल तर जे मॉडेल दीर्घकाळ उत्पादनात राहण्याची शक्यता आहे तेच आज निवडावे, आणि पहिला सबवूफर ठेवतानाच दुसऱ्याच्या जागेपर्यंत केबल टाकून ठेवावी.