३२४ चा गुन्हा, फिर्यादीशी समेट झालाय. रेकॉर्ड साफ कसं करायचं?

सातारकर: २०१९ मध्ये बांधावरून शेजाऱ्यांशी मारामारी झाली. भादंवि (जुना भारतीय दंड संहितेचा कायदा) ३२४ (घातक हत्याराने दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (अपमान), ५०६ (धमकी), ३४ (सामाईक इरादा) लागलं. दोषारोपपत्र जाऊन खटला जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात पडून आहे. फिर्यादी मिटवायला तयार आहेत. आरोपींत धाकटा भाऊही आहे आणि त्याची सरकारी भरतीत निवड झालीय. इथेच मिटवलं तर चालेल का?

काळा_कोट: नाही. ३२३, ५०४, ५०६ तिथे मिटतील, पण ३२४ तडजोडीच्या यादीतून कधीच वगळलंय. त्यासाठी हायकोर्टात बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा) ५२८ खाली (जुनं सीआरपीसी ४८२) गुन्हा रद्द करण्याची याचिका करावी लागते. साताऱ्याची याचिका ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे (फिरत्या खंडपीठापुढे) जाते. सोबत एफआयआर, दोषारोपपत्र, जखमांचे दाखले आणि संमतीची प्रतिज्ञापत्रं जोडा. नुसत्या फिर्यादीची संमती पुरत नाही. ज्याच्या नावे जखमेचा दाखला आहे त्या प्रत्येकाची हवी. एक जण राहिला की याचिका तिथेच अडते. संमती दबावाखाली नाही ना, हे कोर्ट फिर्यादीला समोर उभं करून विचारू शकतं, तेव्हा त्यांनी आधार कार्ड घेऊन हजर राहावं. हत्यार कोणतं, घाव कुठे, हेही पाहिलं जातं. डोक्यात कोयत्याचा वार असेल तर नुसत्या समेटावर विसंबू नका.

एक कळकळीचं सांगणं: 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, सुटाल' हा सल्ला ऐकू नका. ती शिक्षाच धरली जाते आणि भावाच्या नोकरीला तीच सर्वात जास्त नडेल.

नक्कल_विभाग: आदेश मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. सही-शिक्क्याची नक्कल आधी जेएमएफसी कोर्टात देऊन खटला निकाली काढून घ्या, नाहीतर तारखा आणि वॉरंट चालूच राहतात. दुसरी नक्कल अर्जासह पोलीस ठाण्यात द्या, सीसीटीएनएसमधली (पोलिसांच्या संगणकीय गुन्हे-नोंदीतली) नोंद अद्ययावत करायला सांगा आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर (स्वतःकडे ठेवायच्या प्रतीवर) आवक शिक्का घ्या. पडताळणीत जुनी 'प्रलंबित' नोंद दिसली तर तोच शिक्का कामाला येतो.

भरती_मदत: भावाने साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी भरायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये) हा गुन्हा लिहायलाच हवा. 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' याचं उत्तर रद्द झाल्यावरही 'होय'च राहतं. आदेश अजून नसेल तर 'प्रलंबित' लिहा, नंतर आदेशाची प्रत लेखी पत्राने कळवा. अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय की किरकोळ प्रकरणात लपवाछपवीकडेही नियोक्ता काणाडोळा करू शकतो. पण तो त्याचा अधिकार आहे, उमेदवाराचा हक्क नव्हे. खरं लिहिलं असेल तर निदान बाजू मांडायला जागा राहते.