अभिषेक, अभ्यंग की सरळ 'तेल लावणे'? (आणि फादरला मराठीत काय म्हणायचं)

कॅथलिक संस्कारांवरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात बाप्तिस्म्याला बाळाच्या टाळूला तेल, फादर होताना तळहातांना तेल आणि आजारी माणसाच्या कपाळाला पण तेल, मूळ लेखात तिन्हीकडे क्रियापद एकच. सगळीकडे 'अभिषेक' लिहिलं तर 'आजारी आजोबांचा अभिषेक' असलं काहीतरी विचित्र होतं, आणि सगळीकडे 'अभ्यंग' लिहावं तर वाचणारा उटणं शोधायला लागेल. शिवाय पुरोहित, याजक, धर्मगुरू, पाद्री यातलं नक्की कुठलं घ्यायचं? जाणकारांनी सांगा.

—

तुम्हाला शब्द अडतोय कारण खाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिब्रूत 'माशाह' म्हणजे तेल चोपडणं, त्यावरून 'मसीहा'. ग्रीकमध्ये त्याला 'ख्रिओ', त्यावरून 'ख्रिस्त' आणि 'क्रिझम' म्हणजे ते सुगंधी पवित्र तेल. थोडक्यात 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थच अभिषिक्त. पण याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याला तेल लावा असं जे सांगितलंय तिथे 'ख्रिओ' नाहीये, तिथे 'अलेइफो' आहे, म्हणजे साधं घरगुती तेल चोळणं. मराठी बायबलही तिथे 'तेल लावावे' असंच म्हणतं. तेव्हा माझं मत, नेमणूक असेल तिथे अभिषेक आणि आजारपण असेल तिथे तैलाभ्यंग. व्युत्पत्तीनेही जमतं, 'सिच्' म्हणजे शिंपणं-ओतणं आणि 'अञ्ज्' म्हणजे माखणं. अहरोनाला याजक नेमताना मोशेने त्याच्या डोक्यावर तेल ओतलं होतं, बायबलच्या लेवीय पुस्तकात, ८ व्या अध्यायात आहे बघा.

—

'तेल लावणे'च लिहा हो, कळतं सगळ्यांना!

—

कळतं, पण 'तेल लावत गेलं' हाही आपल्याच भाषेतला प्रयोग आहे ना, गंभीर लेखात एखादं वाक्य भलतीकडे घसरायचं 😀

—

वरच्या फरकात थोडी भर घालतो. तेलं मुळात तीन असतात, दीक्षार्थींचं (बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचं), रुग्णांचं आणि क्रिझम. पहिली दोन म्हणजे नुसतं आशीर्वाद दिलेलं तेल, बहुधा ऑलिव्हचं, नाहीतर दुसरं वनस्पती तेल चालतं. क्रिझममध्ये बाल्सम म्हणजे सुगंधी राळ मिसळतात, बिशप (धर्मप्रांताचे प्रमुख) त्यावर श्वास फुंकतात आणि ते समर्पित करायचा हक्क बिशपांनाच. हे सगळं पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या) सकाळी किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या दिवशी क्रिझम मिस्सात होतं (मिस्सा म्हणजे भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना), आणि त्याच मिस्सात धर्मप्रांतातले फादर आपली वचनं पुन्हा घेतात, म्हणजे तेल आणि सेवा यांचा संबंध तुम्हाला पुस्तकात शोधायची गरज नाही, एका सकाळी दोन्ही शेजारी ठेवलेलेच असतात. आता गंमत बघा, क्रिझम ज्या तीन संस्कारांत येतं ते म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि गुरुदीक्षा (फादर किंवा बिशप होण्याचा), आणि नेमके हेच तीन आयुष्यात एकदाच होतात, परत करताच येत नाहीत. रुग्णांचं तेल मात्र परत परत मिळू शकतं, बरा होऊन पुन्हा आजारी पडला तर, त्याच दुखण्यात तब्येत आणखी ढासळली तर, मोठ्या ऑपरेशनच्या आधी. म्हणून 'अभिषेक एकदाच, अभ्यंग लागेल तसा' हा हिशोब धरला तर लेखात घोळ होणार नाही. (चर्चच्या वेदीलाही क्रिझम लावतात पण ते आत्ता सोडा.)

—

सगळं ठीक आहे पण अभिषेक म्हटला की राज्याभिषेकच डोळ्यांसमोर येतो. म्हणजे फादर झाला की तो वरच्या पायरीवर गेला, बरोबर? मग 'सेवा' हा शब्द नुसता शोभेला.

—

नाही, इथे जरा थांबा. एक तर गुरुदीक्षेत तेल हा मुख्य भागच नाही. १९४७ साली पोप पायस बाराव्यांनी हे स्पष्ट करून टाकलं की बिशपांनी डोक्यावर हात ठेवणं आणि त्याबरोबरची प्रार्थना, यानेच दीक्षा होते. तेल त्यानंतर येतं, आणि कुठे लावतात ते बघा, बिशपच्या डोक्याला, फादरच्या तळहातांना, डीकनला (सेवेसाठी दीक्षा मिळालेला, पण फादर नव्हे) कुठेच नाही. तळहात म्हणजे मिस्साची भाकर उचलणारे, आशीर्वाद देणारे आणि उद्या आजाऱ्याच्या कपाळावर तेल लावणारे हात. म्हणजे सेवेचेच हात :)

दुसरं, बाप्तिस्म्यात बाळाच्या टाळूला क्रिझम लावतानाची प्रार्थना याजक, संदेष्टा आणि राजा असलेल्या ख्रिस्ताशी त्या बाळाला जोडते. म्हणजे याजकपण आधी सगळ्यांना मिळतं, पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 'राजकीय याजकगण' (राजकीय म्हणजे राजाचा, राजकारणाचा नव्हे) हे पूर्ण समाजाला उद्देशून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६४ मध्ये म्हटलं की सगळ्यांचं याजकपण आणि दीक्षित याजकपण यांच्यातला फरक नुसता कमी-जास्तीचा नाही, स्वरूपाचाच आहे, आणि चर्चची शिकवण पुढे सांगते की दुसरं पहिल्याच्या सेवेसाठी आहे. तेव्हा पायरीचा मुद्दा शिकवणीत तरी टिकत नाही. प्रत्यक्षात कोण कसं वागतं हा वेगळा धागा होईल.

—

याच कारणाने मला 'पुरोहित' नको वाटतो. नव्या करारात (बायबलचा दुसरा भाग) मंडळीच्या पुढाऱ्याला 'हिएरेउस' म्हणजे याजक कुठेच म्हटलेलं नाही, तो शब्द मुख्यतः यहुदी याजकांना, ख्रिस्ताला आणि सगळ्या लोकांना मिळून वापरलाय. पुढारी म्हणजे 'प्रेस्बितेरोस', शब्दशः वडीलधारा, आणि मराठी बायबल याकोबात 'मंडळीच्या वडिलांना' बोलवायला सांगतं ते हेच. 'याजक' ठेवा पण शिकवणीबद्दल बोलताना. एरवी लेखात 'धर्मगुरू' आणि संवादात 'फादर'. 'पाद्री' पोर्तुगीजांकडून आलाय, चूक नाही, पण त्याचा सूर थोडा बाहेरच्याने बोलल्यासारखा येतो.

—

मला त्या आजाऱ्यांच्या तेलाबद्दल जास्त बोलायचंय कारण घोळ तिथेच होतो. अजून कितीतरी जण त्याला 'शेवटचं तेल' म्हणतात, आणि मग फादरला बोलवायचं म्हणजे आशा सोडली असं घरच्यांना वाटतं, म्हणून ते टाळत राहतात, आणि फादर येतात तेव्हा पेशंट शुद्धीवर नसतो, ना बोलता येत ना प्रार्थना करता येत. परिषदेने १९६३ मध्येच सांगितलं की 'रुग्णांचा अभ्यंग' हे नाव जास्त योग्य आणि तो फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधी सोपा केला, आधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं सगळीकडे तेल लावायचे, आता कपाळ आणि हात. म्हातारपणाने खंगलेल्यांनाही मिळतो. आणि तो देता येतो फक्त फादरला किंवा बिशपला, डीकनला नाही.

मरणाच्या दारातला खरा शेवटचा संस्कार म्हणजे ख्रिस्तप्रसाद (मिस्सात पवित्र केलेली भाकर), त्याचं लॅटिन नाव 'वियाटिकुम', वाटखर्ची. त्याला 'शिदोरी' लिहा, याहून नेमका शब्द मिळणार नाही.

—

शिदोरी घेतलाच 🙏 आता शेवटची शंका, 'त्याला अभिषेक केला' की 'त्याचा अभिषेक केला'?

—

पिंडीवर अभिषेक, राजाचा अभिषेक, आणि बायबलच्या मराठीत 'ला'. तिन्ही रूढ आहेत. तुमच्या लेखात 'ला' ठेवलात तर बायबलमधली वाक्यं उद्धृत करताना सांधा दिसणार नाही. फक्त 'धर्मगुरूच्या हातांना अभिषेक झाला' हे अवघडलेलं वाटतं, तिथे 'तळहातांना क्रिझम लावलं' असं सरळ लिहून टाका, आणि क्रिझम म्हणजे काय ते आधी एका वाक्यात सांगा.