मदत हवी आहे: फोंड्याची गावठी कुत्री जर्मनीला न्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे. १ ऑक्टोबरला हजर व्हायचंय, म्हणजे चतुर्थी आटोपली की तो निघणार. मी आणि मुलगी त्याच्याबरोबर जायचं की मागाहून, हे अजून ठरत नाही, कारण टिकली.

टिकली चार वर्षांची. अस्सल गावठी, काळी, कपाळावर पांढरा ठिपका, वजन अठरा किलो. बाजारात मासळीवाल्या बायांच्या टोपल्यांमधून फिरायची, तिथून मुलीने उचलून आणली. सासूबाई म्हणतात, "हांगाच दवर तिका, आमी आसात न्ही" (इथेच ठेव तिला, आम्ही आहोत ना). त्यांची माया खरी आहे, पण त्यांचे गुडघे आणि टिकलीची ओढ यांचा मेळ बसायचा नाही. शिवाय मुलीने जाहीर केलंय की टिकली नाही तर तीही नाही. तेव्हा न्यायची हे नक्की.

सध्याची परिस्थिती अशी: रेबीजची लस दर वर्षी दिलेली आहे, कार्डावर तारखा आणि शिक्के आहेत. त्याशिवाय रेबीज लसीकरण मोहिमेची माणसं वाड्यावर आली होती, तीही टोचून आणि रंगाची रेघ ओढून गेली. मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) नाही. पिंजरा तिने जन्मात पाहिलेला नाही. जेवण म्हणाल तर बांगड्याच्या पाण्यातला भात.

आता प्रश्न. गोवा रेबीजमुक्त झाल्याचं सरकारनेच सांगितलं होतं ना? मग बाहेर नेताना रेबीजसाठी रक्ताची तपासणी करतात म्हणे, ती आम्हाला लागेल का? एक एजंट म्हणतो, "सगळं माझ्यावर सोडा, महिन्याभरात कुत्रा पोचवतो." हे शक्य आहे का? गोव्यातल्याच दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून थेट काही जमेल का? आणि प्रवासात झोपेची गोळी द्यावी का? शेजारचे तर छातीठोक सांगतात की द्याच.

नेकारकाठ

ताई, आधी चिप. चिप बसेपर्यंत लस टोचून घेऊ नका, कार्डावर पुढची तारीख जवळ आली असली तरी. बाकीचं सविस्तर लिहितो, पण हे आजच वाचा.

गुराढोरांची डॉक्टर

वरचा सल्ला अगदी बरोबर, फक्त त्यामागचं कारण सांगते.

युरोपीय संघाच्या लेखी चिप बसण्याआधीची लस ही कुठल्या तरी कुत्र्याला दिलेली लस आहे, तुमच्या टिकलीला दिलेली नाही. कार्डावर "काळी, गावठी, मादी" एवढंच असतं. असे वर्णन लागू पडणारे कुत्रे फोंड्यात किती निघतील तुम्हीच सांगा. त्यामुळे आधी १५ अंकी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाची) चिप, आणि त्यानंतर लस. दोन्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर चालतं, क्रम तेवढा तोच हवा. चिप बसवण्याआधी आणि बसवल्यावर डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगा. आकडा पडद्यावर दिसला की तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा आणि पाकिटातल्या स्टिकरशी ताडून बघा. पुढच्या प्रत्येक कागदावर हाच आकडा येणार आहे. रक्ताच्या फॉर्मवर एक अंक इकडचा तिकडे झाला तर तपासणी भलत्याच कुत्र्याच्या नावावर जाते.

लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं. त्याला टायटर म्हणतात. रक्तात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मिलीलीटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा त्याहून जास्त भरली पाहिजेत. नमुना युरोपीय संघाने मान्य केलेल्या लॅबमध्येच जायला हवा. लॅबचं नाव त्यांच्या यादीत आहे ना, हे स्वतः उघडून बघा, कुणाच्या तोंडी भरवशावर राहू नका. रक्तातलं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं करून नमुना थंड ठेवून पाठवायचा असतो, म्हणून ज्यांनी हे आधी केलंय अशा दवाखान्यात जा.

आणि आता खरी मेख. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही. अहवाल आल्याच्या तारखेपासून नव्हे, रक्त घेतल्याच्या. तरीही बोटं मोजा: एक महिना आणि तीन महिने. एजंटचा महिनाभर त्यात कुठे बसतो ते त्यालाच विचारा.

गोव्याचं म्हणाल तर २०२१ साली मुख्यमंत्र्यांनी रेबीजमुक्तीची घोषणा केली होती, त्याआधीची तीन वर्षं माणसाला रेबीज झाल्याची नोंद नव्हती, आणि त्यामागे लसीकरण मोहिमेची मोठी मेहनत आहे. रंगाची रेघ ओढणारी तुमच्या वाड्यावरची माणसं तीच. पण नियम देश बघतो, राज्य नाही. युरोपीय संघाची एक यादी आहे, त्यातल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना टायटर माफ असते. यूएई त्या यादीत आहे, भारत नाही. तेव्हा फोंड्याची टिकली आणि दिल्लीचा एखादा भटका, दोघांना एकच रांग.

झोपेची गोळी मुळीच नको. गुंगीत कुत्र्याचा रक्तदाब उतरतो, त्याला तोल सांभाळता येत नाही, तापमान आवरत नाही, आणि वर आकाशात बघायला कोणी नसतं. आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, नियमही गुंगीच्या औषधाच्या विरोधात आहेत आणि गुंगीतलं जनावर विमान कंपन्या सहसा उतरवून ठेवतात. शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

फोंडेकरीण

डॉक्टर, मनापासून आभार. म्हणजे या आठवड्यात चिप आणि लस झाली, तर ऑगस्टमध्ये रक्त आणि नोव्हेंबरनंतर प्रवास. नवरा तर ऑक्टोबरलाच जाणार. मग टिकलीला कार्गोने मागाहून एकटीला पाठवायचं का? एजंट तेच म्हणतो.

नेकारकाठ

ताई, इथे सावध. नियम असा आहे की पाळीव जनावर मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी ते पाच दिवस नंतर या काळात आलं, तरच त्याला "मालकाबरोबरचं" धरतात. नवरा ऑक्टोबरला गेला आणि टिकली नोव्हेंबरअखेर एकटी आली, तर ती व्यापारी आयात समजली जाते. मग त्याचे नियम वेगळे, कागद वेगळे आणि खर्चही वेगळा. एजंट मंडळींना हा रस्ता आवडतो, यात नवल नाही.

सोपा उपाय तुमच्या हातात आहे. चिपची नोंदणी, लसीचं कार्ड, टायटरचा फॉर्म सगळं तुमच्या नावावर करा, नवऱ्याच्या नाही. आणि तुम्ही, मुलगी, टिकली तिघी नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात एकत्र या. तोवर तुमचा व्हिसाही हातात असेल आणि साहेबांनी घरही बघून ठेवलेलं असेल. घर भाड्याने घेताना कुत्रा आहे हे करारात लिहून घ्या, हे इथे जर्मनीत फार लागतं. त्यांना एकट्यांना तेवढे दोन महिने बटाट्यावर काढू दे.

मी मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमानाने कुत्रा आणला. नऊएक तासांचं अंतर. मध्ये उतरून दुसऱ्या विमानात चढवायचं असेल तर डोकेदुखी दुप्पट, म्हणून थेटच घ्या. केबिनमध्ये तुमची बसणार नाही, तिथली मर्यादा पिशवीसकट आठ किलोच्या आसपास असते. म्हणजे पोटातल्या सामानकक्षात, जो गरम ठेवलेला आणि दाब राखलेला असतो. तिकीट काढताना नव्हे, तिकिटाच्या आधी कंपनीला फोन करा, कारण एका विमानात जनावरांच्या जागा मोजक्या असतात. त्यांनी लेखी होकार दिला की मगच तुमची तिकिटं काढा.

म्हापशेकर

एक आतली गोष्ट, जी कोणी सांगत नाही. भारतातून बाहेर नेण्याचं सरकारी आरोग्य प्रमाणपत्र एक्यूसीएस (केंद्र सरकारचं प्राणी विलगीकरण व प्रमाणन खातं) देतं, आणि त्यांची केंद्रं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद या सहाच शहरांत आहेत. गोव्यात नाही. त्यामुळे दाबोळी-मोपाचा नाद सोडा. माझ्या भावाने कुत्रा नेताना बेंगळुरू धरलं होतं, कारण फोंड्याहून अनमोडमार्गे तिकडचं अंतर मुंबईइतकंच पडतं आणि तिथूनही जर्मनीला थेट विमानं आहेत. नोव्हेंबरात घाटात पाऊस नसतो.

मुंबईच धरायची तर गाडीने न्या किंवा कोकणकन्येने. रेल्वेत कुत्रा तुमच्याबरोबर न्यायचा तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) लागतो, आणि कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच कळतं. त्या भरवशावर विमानाची तारीख ठेवू नका. मी तरी गाडीच सांगेन. दोन दिवस आधी पोचा, एक्यूसीएसचे डॉक्टर जनावर स्वतः बघतात, चिप स्कॅन करतात.

गुराढोरांची डॉक्टर

त्यात एक जोड. युरोपीय संघाचं जे प्रमाणपत्र आहे ते इंग्रजीत आणि जिथे उतरणार त्या देशाच्या भाषेत असतं, म्हणजे तुमच्या बाबतीत जर्मनमध्येही. ते दिल्यापासून दहा दिवसांत तुम्ही उतरलं पाहिजे. म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यातलं, लवकर उरकून ठेवायचं नाही. फिनलंड किंवा आयर्लंडला उतरणार असता तर फीतकृमीचं औषधही ठरावीक तासांत द्यावं लागलं असतं, जर्मनीला ते लागत नाही. जंताचं औषध नेहमीसारखं द्या म्हणजे झालं.

टायटर एकदा पास झाली की लसी वेळेवर देत राहा, मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नका. मग ती पुन्हा करावी लागत नाही. उद्या भारतात सुट्टीला आणून परत न्यायचं म्हटलंत तर हेच कामाला येईल. आणि समजा ०.५च्या खाली आलं, तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, तीन महिन्यांची मोजणीही पुन्हा. दर वर्षी लस घेतलेल्या कुत्र्यांत तसं क्वचितच होतं, पण तुमची तारीख काठावरची असेल तर थोडी सवड ठेवलेली बरी.

फोंडेकरीण

कागदांचं डोक्यात बसलं. आता पिंजरा. तिला आंघोळीच्या बादलीचीही भीती वाटते, पिंजऱ्यात नऊ तास कशी बसेल? आणि जेवणाचं काय? बांगडे तर नेता येणार नाहीत.

नेकारकाठ

पिंजरा आजच आणा, नोव्हेंबरात नाही. दार काढून टाका आणि हॉलमध्ये ठेवून द्या, तिच्याकडे बघूही नका. आमच्या कुत्र्याची ताटली रोज थोडी थोडी आत सरकवत नेली. पहिल्यांदा तो मान आत घालून, मागचे पाय बाहेर ठेवून जेवायचा. मग एके दुपारी आपणच आत झोपला. त्यानंतर दार बसवलं, नुसतं लोटलं, मग कडी. तुमच्याकडे चार महिने आहेत, ही चैन आहे.

जेवणाचं: मांस किंवा दूध असलेलं खाणं प्रवासी सामानातून युरोपीय संघात आणता येत नाही, कुत्र्याचं सुकं खाद्यसुद्धा. तेव्हा भाताबरोबर इथे मिळणारं एखादं खाद्य हळूहळू आत्ताच सुरू करा, नाहीतर उतरल्यावर पहिला आठवडा पोटाच्या तक्रारीत जाईल. निघताना पाच-सहा तास आधी हलकं जेवण, पाणी मात्र शेवटपर्यंत. पिंजऱ्याच्या दाराला पाण्याची वाटी बाहेरून भरता येईल अशी लावा. रात्री ती वाटी पाणी घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. चढवताना सांडत नाही, पुढे हळूहळू वितळतं.

उतरल्यावर लाल मार्गिकेने (काही जाहीर करायचं असणाऱ्यांच्या) कस्टमकडे जा, लपवाछपवी नको. चिप स्कॅन करतात, कागद बघतात. आमचं तर पासपोर्टच्या रांगेपेक्षा लवकर झालं. गाव लागल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवून कुत्र्याचा कर भरायचा. हो, कर.

फोंडेकरीण

मोजमाप घेतलं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ७० सेंमी. जमिनीपासून पुढच्या कोपरापर्यंत ३२. खांद्यांची रुंदी १८. उभी राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंत ६२. मोजताना तिने टेप चावला, त्यामुळे एक-दोन सेंमी इकडेतिकडे.

नेकारकाठ

आयाटाचा हिशेब असा: लांबीत कोपराच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा, ७० आणि १६ मिळून ८६. रुंदी खांद्याच्या दुप्पट, ३६. उंची ६२ आणि त्यात अंथरुणाची जाडी. हे झालं आतलं माप, बाहेरचं नव्हे. पेटीवर छापलेला आकडा बहुतेक बाहेरचा असतो. त्यामुळे याहून एक नंबर मोठा घ्या. चारही बाजूंना हवेची भोकं हवीत. वरचा-खालचा भाग जोडायला प्लास्टिकच्या चिमट्या असतात, त्या काढून धातूचे नट-बोल्ट बसवा, काउंटरवर हीच गोष्ट पहिली तपासतात. चाकं असतील तर ती काढून ठेवा. म्हापशेकरांच्या भावाचा पिंजरा अजून घरात असेल तर त्यांना विचारा, नवा घ्यायची गरज नाही.

म्हापशेकर

आहे. माळ्यावर पडलाय, आत नारळ ठेवलेत. आतून ९० लांब, रुंदी-उंचीही पुरेशी आहे. बोल्ट दोन कमी आहेत, ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. ताई, रविवारी या घेऊन जायला, नारळ तेवढे आधी काढून ठेवतो.