‘एमिनाँस ग्रीझ’ म्हणजे बोलविता धनी?

अनुवादवाली: दिवाळी अंकासाठी रिशल्यूवरचा लेख मराठीत आणतेय. तेराव्या लुईचा मंत्री, शिवाय कॅथलिक चर्चचा कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी. १६२४ ते १६४२, म्हणजे मरेपर्यंत, फ्रान्सचा कारभार त्याच्या हातात. लेखात पेर जोसेफ नावाचा, कापुचिन या ख्रिस्ती पंथाचा एक साधू सारखा त्याच्या आगेमागे असतो. लोक त्याला ‘एमिनाँस ग्रीझ’ म्हणत. मी ‘बोलविता धनी’ लिहून मोकळी झाले. संपादकांनी त्याभोवती पेन्सिलीने गोल काढून नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. काय चुकलं?

कोशवेडा: ताई, आधी शब्द सोडवून बघू. ‘एमिनाँस’ ही कार्डिनलची पदवी, आपल्या ‘श्रीमंत’सारखी नावामागे लागणारी. मूळ लॅटिन अर्थ उठून दिसणं, उंच असणं. पोप आठव्या अर्बनने १६३० मध्ये ती कार्डिनलांना अधिकृतपणे बहाल केली. ‘ग्रीझ’ म्हणजे करडी. खरा एमिनाँस लाल झग्यातला, आणि त्याच्या शेजारी हा अनवाणी फिरणारा करडा एमिनाँस. पदवी नाही, लाल झगा नाही, तरी वजन तेवढंच. म्हणजे हे नाव मुळात टोमणा आहे.

रंगाचं म्हणाल तर तो रंगवलेला करडा नव्हेच. न रंगवलेल्या लोकरीचा जाडाभरडा झगा, घोंगडीच्या जातीचा. फ्रेंचांनी त्या मातकट रंगाला ‘ग्री’ म्हटलं. (आजच्या कापुचिनांचा झगा तपकिरी असतो, कॅपुचिनो कॉफीला नाव मिळालं ते त्यावरूनच.) पण मराठीत ‘करडे महोदय’ करून बघा, हसू येतं. शिवाय आपल्याकडे करडा म्हटलं की रंगाच्या आधी नजर आठवते आणि शिस्त.

पेठकर: एवढा कीस कशाला? ‘बोलविता धनी’ सगळ्यांना कळतं. पुढे एक, मागे दुसराच. संपादकांना पेन्सिल चालवायची हौस असते.

इतिहास-मास्तर: पेठकर, या वेळी संपादक बरोबर आहेत. बोलविता धनी म्हटलं की पुढचा माणूस पोपट ठरतो. रिशल्यू पोपट नव्हता.

याला पुरावा १६३० सालचाच आहे. पेर जोसेफला जर्मनीत रेगेन्सबुर्गला वाटाघाटींना पाठवलं होतं. सोबत अधिकृत राजदूत होता, पण खरी भिस्त साधूवर. ऑक्टोबरमध्ये दोघांनी पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाशी तह केला आणि त्यात फ्रान्सने सम्राटाच्या शत्रूंना मदत करायची नाही असं कबूल करून बसले. रिशल्यूने तो तह सरळ नाकारला, म्हणाला, एवढा अधिकार यांना दिलाच नव्हता. आता सांगा, धनी कोण? आणि गंमत म्हणजे एवढं होऊनही साधूवरचा त्याचा विश्वास उडाला नाही. पुढे त्याला कार्डिनल करवण्यासाठी रिशल्यूने रोमकडे बराच खटाटोप केला. ते व्हायच्या आतच, डिसेंबर १६३८ मध्ये पेर जोसेफ वारला.

पेठकर: बरं, मग रिशल्यू तरी राजाचा बोलविता धनी होता की नाही?

इतिहास-मास्तर: तेही अर्धंच खरं. तहानंतर महिन्याभरातली गोष्ट. राजाची आई मारी द मेदिची हिनेच पूर्वी रिशल्यूला वर आणलेलं, आणि आता तीच त्याला काढून टाक म्हणून राजाच्या मागे लागली. लुक्सांबूर राजवाड्यात मायलेक दार लावून बोलत बसले होते. रिशल्यूला एक आडवाट ठाऊक होती, प्रार्थनागृहातून आत उघडणारं दार. त्या दाराने तो थेट पुढ्यात उभा राहिला. राणीने राजासमोर त्याची जी काही अब्रू काढली, की सगळ्यांना वाटलं कार्डिनल संपला. दरबारी राणीकडे धावले. राजा मात्र काही न बोलता व्हर्सायला गेला (तेव्हा तिथे शिकारीपुरतं छोटं घर होतं) आणि त्याने रिशल्यूला तिकडे बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी राणीच्या गोटातल्या मारियाकची मंत्रिपदावरून उचलबांगडी झाली. राजाचा एक शब्द उलटा पडला असता तर उचलबांगडी रिशल्यूची होती. अठरा वर्षं तो असाच राजाची मर्जी सांभाळत जगला.

अनुवादवाली: हो, तो प्रसंग लेखात आहे. ‘जुर्ने दे द्युप’. मी ‘फसलेल्यांचा दिवस’ केलंय.

कोशवेडा: छान आहे, पण जरा सपक. फ्रेंच ‘द्युप’ हा शब्द हुदहुद पक्ष्याच्या नावावरून आला असं मानतात. तो पक्षी बावळट समजला जाई. त्यांनी पक्षी धरला, आपण बकरा धरतो. ‘बकऱ्यांचा दिवस’ म्हणा!

अनुवादवाली: बकरी ईद वाटेल हो वाचकांना. ‘फजितीचा दिवस’ ठेवते. आणि मंत्री? ‘पंतप्रधान’ म्हटलं की संसद, निवडणूक डोळ्यासमोर येते. ‘पेशवा’ लिहू का?

इतिहास-मास्तर: नको. पेशवा म्हटलं की शनिवारवाडा आला आणि बापामागून मुलगा आला. रिशल्यूच्या जागेवर बसला माझारँ, आणि तो तर मूळचा इटलीचा. पण पेशव्यांच्याच शिक्क्यात शब्द आहे, ‘मुख्य प्रधान’. फ्रेंच ‘प्रँसिपाल मिनिस्त्र’ला तो जवळजवळ शब्दाला शब्द बसतो.

अनुवादवाली: घेतला. साधूसाठी ‘उजवा हात’ फार गुळगुळीत आहे आणि ‘कानाशी लागलेला’ म्हटलं तर चुगलखोर वाटतो. बखरींची सवय आहे म्हणून ‘मसलतगार’ सुचतोय. वाक्य असं केलं: “मुख्य प्रधान लाल झग्यात, त्याचा मसलतगार घोंगडीच्या झग्यात. पॅरिसकर त्या साधूलाही कार्डिनलचीच पदवी लावून चिडवत: करडा एमिनाँस.” चालेल?

कोशवेडा: चालेल काय, धावेल. टोमणाही राहिला, रंगही राहिला.

पेठकर: मी माघार घेतो. पण ताई, तुमच्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर एक वाक्य आहे: “१६२२ मध्ये पोपने रिशल्यूला लाल टोपी घातली.” ते छापायला जाण्याआधी बदला. पुण्यात याचा अर्थ पोपने त्याला गंडवलं असा होतो.